निपाणीच्या पानातलं निकोटिन: माझ्या प्रकल्पाचा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी निपाणीच्या बिडी तंबाखूतलं निकोटिन वेगळं काढायचं ठरवलं. आमचं घर तंबाखूवर चाललेलं, तेव्हा या पानात नेमकं काय आहे ते मला स्वतः बघायचं होतं. सुरक्षिततेची लेखी योजना मंजूर होईपर्यंत गाईड मॅडमनी पानाला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. शुद्ध निकोटिन कातडीतून थेट अंगात भिनतं. शेंडे खुडताना, फुटवे काढताना हाताला चीक लागला की आमच्याकडच्या बायकांना मळमळतं, गरगरतं. ते त्याचंच विष.

पान आजोबांनी दिलं. देताना म्हणाले, "शेंडा खुडल्याबिगार पानात कस येत नाही. तुमच्या पुस्तकात हाय काय हे?" पुस्तकात होतं. निकोटिन झाडाच्या मुळांमध्ये तयार होऊन पानात चढतं आणि शेंडा खुडला की मुळं ते जास्त बनवू लागतात.

वाळल्या पानात निकोटिन आम्लांशी जखडलेलं असतं. अल्कली घातली की ते सुटं होतं आणि द्रावकात उतरतं. तळहातावर चुना लावून तंबाखू मळतात तेव्हाही हेच घडतं. चुन्याने सुटं झालेलं निकोटिन गालाच्या आतून झपाट्याने रक्तात जातं. हे लक्षात आलं त्या दिवशी मला आजोबांच्या चंचीकडे बघवेना.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो थर वेगळे करण्याने. पानातला चिकटा आणि मेण यांमुळे नरसाळ्यात पाणी नि द्रावक यांचं दुधट मिश्रण व्हायचं आणि तासन्‌तास फुटायचं नाही. जोरात हलवायचं नाही, नुसतं हळूहळू कलतं करायचं, थोडं मीठ घालायचं आणि वाट बघायची. हे लॅबमधल्या सहायकांनी शिकवलं, एरवी प्रकल्प तिथेच अडला असता. शेवटी हाती आलं ते जेमतेम थेंबभर फिकट तेल, हवेत राहिलं की तपकिरी पडणारं. 1828 साली हायडेलबर्गमध्ये पोसेल्ट आणि राइमान यांनी ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं होतं. ओळख पटवायला पिक्रिक आम्लाबरोबर स्फटिक करून त्यांचा वितळबिंदू तपासला. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून ते ओलंच ठेवायचं.

वाचन करताना औषधाची बाजू कळली. निकोटिनचा च्युइंगगम आणि कातडीवर चिकटवायची पट्टी ही व्यसन सोडवण्याची साधनं जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. रेणू तोच, वाट वेगळी. बिडीच्या धुरातून तो काही सेकंदांत मेंदूत पोचतो आणि ती झटपट किक सवय लावते. पट्टीतून तो तासन्‌तास झिरपत राहतो, म्हणून तलफ शमते आणि नवी चटक सहसा लागत नाही. पार्किन्सनवरही आशा होती, पण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निकोटिनच्या पट्टीने आजाराचा वेग कमी झाला नाही. मला ही वाईट बातमीही चांगल्या बातमीइतकीच मोलाची वाटते, कारण गावात लोक लगेच म्हणतात, "म्हणजे तंबाखू औषधीच की!" नाही. पान वाळताना, मुरताना त्यात नायट्रोसामाइन्स तयार होतात, आणि त्यांनी कर्करोग होतो. औषधात मोजून घेतलेलं शुद्ध निकोटिन असतं. चंचीत ना माप, ना शुद्धता.

तोंडी परीक्षेनंतर आजोबांना डॉक्टरांकडे नेलं. आता गम सुरू आहे. तो तंबाखूसारखा चघळत राहायचा नसतो. सावकाश चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. चहानंतर लगेच घेतला तर तोंडातल्या आम्लामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून पंधरा मिनिटं थांबायला सांगितलंय. सकाळी तेवढं थांबणंच त्यांना जड जातं, कारण चंची उघडायची वेळ तीच असायची.