थर्मोस्टॅट अडकला तर? मुंबईतल्या टँकचा हीटर

मुंबईच्या फ्लॅटमध्ये काचेच्या टँकमध्ये पाळलेल्या सापाला किंवा सरड्याला थंडीपेक्षा हीटरची भीती जास्त. हीटरचे जे आकडे आपण वाचतो ते बहुतेक थंड देशांतले. तिथली खोलीच १८ अंशांवर असते, म्हणून १५० वॉट लागतात. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही खिडक्या लावलेल्या खोलीत पारा सहसा २२-२३च्या खाली उतरत नाही आणि मे महिन्यात दुपारी तो ३३ला टेकतो. बॉल पायथनला (आफ्रिकेतला छोटा अजगर) गरम कोपऱ्यात ३१-३२ आणि थंड कोपऱ्यात २५-२७ अंश लागतात. म्हणजे हिवाळ्यात आठ-दहा अंशांची भर घालायची आणि मे महिन्यात काहीच नाही. उलट मे महिन्यात थंड कोपरा राखण्यासाठी एसी लागतो.

म्हणून हीटर घेताना पहिला प्रश्न हा: थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं यंत्र, चालू अवस्थेत अडकला, तर टँक कुठवर तापेल? आतल्या रिलेचे (आपोआप चालणाऱ्या स्विचचे) संपर्क दर वेळी उघडताना बारीक ठिणगी पडते. वर्ष-दोन वर्षांत ते झिजतात आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. पडद्यावर तापमान चढताना दिसत राहतं, पण हीटर बंद होत नाही. हे सहसा आपण ऑफिसात असतानाच होतं.

याची चाचणी सोपी आहे. उकाड्याच्या दिवशी एसी नेहमीसारखा लावून टँक रिकामा करा, हीटर थर्मोस्टॅटशिवाय थेट प्लगला लावा आणि चार तास खोलीतच थांबा. थंड कोपरा ३२च्या वर गेला, तर तो हीटर तुमच्या टँकला मोठा आहे. १०० वॉटच्या जागी ५० चा लावा, चाचणी पुन्हा करा. पॉवर कमी असेल तर जानेवारीत दोन रात्री एखादा अंश कमी पडेल, त्याने काही बिघडत नाही. सतत ३५च्या वर गेलेला अजगर मात्र वाचवता येईलच असं नाही.

लॅमिंग्टन रोडवर मिळणारा एसटीसी-१००० हा डिजिटल थर्मोस्टॅट स्वस्त आहे आणि नीट जोडला तर चांगला चालतो. जोडणीत एक चूक नेहमी होते. १-२ वर वीज, ३-४ वर सेन्सर, ५-६ वर हीटर, ७-८ वर कूलिंग. पण ५-६ मधून वीज बाहेर येत नाही, तो नुसता स्विच आहे. फेज ५ला आणायचा, ६ वरून हीटरला न्यायचा, न्यूट्रल थेट जोडायचा. मागचे स्क्रू उघडे असतात आणि त्यांवर २३० व्होल्ट असतात, त्यामुळे प्लास्टिकचा बंद डबा हवाच. हे वायरमनकडून करून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का, तेही त्यालाच बघायला सांगा.

सेटिंगमध्ये एफ१ला (हवं ते तापमान) ३१ आणि एफ२ला (फरक) १ द्या. हीटर ३०ला चालू होईल, ३१ला बंद. सिरॅमिक हीटर (बल्बसारखा, पण उजेड न देणारा) बंद झाल्यावरही काही मिनिटं उष्णता फेकत राहतो, म्हणून ३२ न देता ३१. रिकाम्या राहिलेल्या ७-८ वर छोटा पंखा लावला, तर तो ३२ला फिरू लागतो.

सेन्सर खरा बोलतो का, हे घरच्या ताप बघायच्या डिजिटल तापमापकाने तपासता येतं. मगभर कोमट पाणी घ्या, ३७च्या आसपासचं. दोन्ही एकत्र बुडवून ढवळत राहा. तापमापक वाजला की दोन्ही आकडे बघा आणि फरक एफ४ मध्ये (सेन्सरची दुरुस्ती) भरा.

खरी कसोटी सेन्सर बसवण्याची. तो चिकटपट्टीने लावला, तर पावसाळ्याच्या दमटपणात पट्टी सुटते आणि सेन्सर टँकबाहेर लोंबतो. बाहेरची गार हवा मोजून थर्मोस्टॅट हीटर चालूच ठेवतो. सेन्सरची तार तुटली तर हे यंत्र ‘ईई’ दाखवून ओरडतं आणि हीटर तोडतं, पण सेन्सर नुसता निसटला तर त्याला काही कळत नाही. म्हणून दोन भोकं पाडून केबल टायने जखडा. जागा गरम कोपऱ्यात, प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर. हीट मॅट (टँकच्या तळाखाली लावायची तापणारी पट्टी) असेल तर मॅटच्या वरच्या काचेवर, मातीखाली. कारण साप माती उकरून नेमका त्या काचेवर जाऊन बसतो. मॅटने तळाचा एक तृतीयांश भागच झाकावा आणि टँकखाली रबरी पाय लावून हवेला फट ठेवावी, नाहीतर उष्णता कोंडून काच तडकते.

होल्डरबद्दल मी हट्टी आहे. आपल्या घरातले होल्डर पिनवाले, सिरॅमिक हीटर स्क्रूवाला. मग लोक मध्ये दहा-वीस रुपयांचा प्लास्टिकचा अ‍ॅडॉप्टर घालतात. काही आठवड्यांत त्याची कड तपकिरी होते, जळक्या प्लास्टिकचा वास येतो, आणि नंतर हीटर खाली पडतो. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून स्क्रूवाला चिनीमातीचा होल्डर आणि उष्णता सोसणारी वायर आणा. हीटरभोवती जाळी हवीच, कारण साप त्याला वेटोळं घालतो आणि भाजत असतानाही लगेच सुटत नाही. विजेवर तापणाऱ्या दगडांना तर घरात जागाच देऊ नका.

बिअर्डेड ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्याचं गणित वेगळं. त्याच्या ऊन घेण्याच्या फांदीवर ३८ ते ४२ अंश हवेत आणि ते पृष्ठभागाचं तापमान आहे, हवेचं नव्हे. ते इन्फ्रारेड गननेच (लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणारं यंत्र) मोजा. बल्ब दिवसाच, टायमरवर. चक्रीचा टायमर वीज गेली की तेवढा मागे पडतो, म्हणून खंडित वीज आली की चक्री हाताने घड्याळाशी जुळवा. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब मात्र डिमरवर कधीही लावू नका.

समुद्राजवळ, वर्सोवा किंवा वरळीला राहत असाल, तर खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवे पडतात. स्क्रू सैल होतो आणि तिथेच तापतो. दर दोन महिन्यांनी प्लग काढून पिनांना हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर होल्डर किंवा सॉकेट बदला.