तुम्ही विचारलंत म्हणून: मेरीची पूजा आणि ती रांग

"कॅथोलिक म्हणजे मेरीची पूजा करणारे ना?" सोसायटीच्या गणपतीत विचारतात, ऑफिसात विचारतात. सासर पुण्यातल्या पंचहौदच्या चर्चचं, प्रॉटेस्टंट. तिथे हाच प्रश्न जरा टोचून येतो.

पूजा नाही हो. जपमाळेत आम्ही मरियामातेला म्हणतो, आमच्यासाठी विनंती कर. शेजारच्या काकूंना "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणावं, तसं. आता हरेगावच्या मतमाऊलीपुढे, म्हणजे तिथल्या मरियामातेपुढे, डोकं टेकून माझी आजी नेमकं काय मागायची, ते मी कधी विचारलं नाही, हेही खरं.

पोपचा प्रत्येक शब्द अचूक? अजिबात नाही. श्रद्धेच्या बाबतीत पोप रीतसर घोषणा करतील तेव्हाच ती अचूक, असा सिद्धान्त १८७० साली ठरला, त्यानंतर तो अधिकार रीतसर वापरला गेला १९५० साली. बायबल वेगळं? नवा करार तोच, २७ पुस्तकांचा. जुन्यात आमची ७ जास्त, म्हणून आमची ७३, त्यांची ६६. झालं.

इथवर मी हसत सांगते.

माझे बाबा गेले, त्यांच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सासरे आले होते. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या रांगेत अण्णा माझ्यामागे उभे राहिले. नियम त्यांना ठाऊक होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही. फादर त्यांना ओळखत होते. अण्णांनी त्यांच्या सवयीने डाव्या तळव्यावर उजवा ठेवून हात पुढे केले. फादरांनी त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण केली, आशीर्वाद दिला. बस्स. बाकावर येऊन बसेपर्यंत अण्णांचे तळवे तसेच होते.

नियमाला कारण आहे. ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, ही आमची श्रद्धा. जो आमच्या चर्चशी पूर्ण एक नाही, त्याला ती एरवी देत नाहीत. आम्हीही त्यांच्याकडे घेत नाही. नवी नवरी असताना पंचहौदला सगळे वेदीपाशी गेले, मी एकटी बाकावर बसून राहिले. केवढी निष्ठावान वाटले होते मी मला! अण्णा परत आले आणि गीतांच्या पुस्तकाचं पान काढून माझ्यापुढे धरलं. बोलले काहीच नाहीत.

फादर चुकले असं मी म्हणणार नाही. बरोबर होते, असंही माझ्या तोंडून निघत नाही.

त्या दुपारी जेवताना अण्णा म्हणाले, "तुझ्या बाबांसाठी उभा राहिलो होतो गं." मी त्यांना वरण वाढलं.

पुढच्या रविवारी मी रांगेत होते. घेतलंही.