पत्रावर आकडा घाला

सोमवार, रात्र

लढाई सुरू असताना पत्र उशिरा येणारच, ते घरचे धरूनच चालतात. खरा घोळ होतो पत्रं मागेपुढे पोचली की. ‘आईचा ताप उतरला’ हे पत्र आधी हातात पडतं आणि ‘आईला ताप भरलाय’ हे आठ दिवसांनी. चौकीवरचा मुलगा ते शेवटचं खरं धरून बसतो, आणि विचारायला फोनही नसतो.

म्हणून पत्राच्या डोक्यावर तारीख आणि आकडा, दोन्ही हवेत: ‘पत्र १४’. खाली एक ओळ: ‘तुझं ९ वं मिळालं, ८ वं अजून नाही.’ वाटेत काय अडकलंय ते दोन्हीकडे कळतं. घरी वहीत दोन रकाने आखावेत, गेलेलं आणि आलेलं. मजकुरातही ‘काल’, ‘परवा’ नको. ‘३ तारखेला’ असं लिहावं.

पत्त्यात तर फारच चुका होतात. सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, मार्फत ५६ एपीओ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपालघर; पूर्वेकडे ९९), आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. बस्स. एकाच पलटणीत चार संदीप शिंदे निघतात, त्यामुळे क्रमांक गाळला की पत्र भलत्याच्या हातात. गावाचं, खिंडीचं नाव मुळीच घालू नये. कुठली पलटण कुठे आहे ते लष्करी टपालाला ठाऊक असतं. पाकिटावर ते उघड होऊ नये म्हणून तर हा एपीओचा आकडा.

आत खुणेची भाषाही नको. १९१४-१५ मध्ये फ्रान्सला गेलेले हिंदी शिपाई घरी लिहायचे, काळी मिरी संपली, आता लाल वापरतायत. काळी म्हणजे हिंदी फौज, लाल म्हणजे गोरी. पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरनं ते ओळखलं. त्यानं उतरवून घेतलेले उतारेच आज आपल्या वाचनात येतात. आणि घरच्यांना कोडं उलगडलं नाही, तर त्यांच्या जिवाला घोर तेवढा वाढतो.

उपग्रहफोन मिळालाच तर एक वाक्य बोलून थांबावं. आवाज पोचायला क्षणभर लागतो. दोघं एकदम बोलले की दोघांचेही शब्द वाया जातात. सुरुवात ‘सगळे बरे आहेत’ इथूनच करावी. लाइन कधी तुटेल सांगता येत नाही, तेवढं तरी त्याच्या कानावर पडलेलं असावं.