फणसाचा पिवळा

फणसाच्या लाकडाचं पेन कातायला घेतलं की दुपारपर्यंत लेथखाली साचलेला भुसा हळदीसारखा पिवळाजर्द दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी रंग मिसळलाय. मिसळलेलं काही नसतं, फणसाचा गाभाच तसला. म्यानमार-थायलंडकडे बौद्ध भिक्षूंची चीवरं हाच गाभा उकळून रंगवायची जुनी रीत आहे.

भोवराही लेथवरच कातलेला, पण त्याची गोष्ट वेगळी. त्याचं लाकूड फिक्कं, पांढुरकं. लालहिरवे पट्टे वरून यायचे. गरगर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणानेच लाख वितळते आणि गोल पट्टा उमटतो, ब्रश लागतच नाही. मग जाळी गुंडाळताना आपला लाल कुठला आणि दुसऱ्याचा कुठला यावरून भांडणं. लाखेचा तो रंग जायचा नाही, भोवरा फुटेपर्यंत.

पेनाला मात्र लाख नको, लाकडाचाच रंग हवा, असा हट्ट.

ठोकळा लागतो तो केवढा? पाऊण इंच चौरस, पाच इंच लांब. सुताराच्या कापात असे ढिगाने निघतात. पण ओला नको. पेनाच्या आत बसवलेली पितळी नळी आकसत नाही आणि भोवतीचं ओलं लाकूड आकसतं, मग महिन्याभरात पेनाला उभी चीर. पेनाच्या वरच्या आणि खालच्या भागासाठी ठोकळ्याचे दोन तुकडे करण्याआधी कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलची खूण हवी, नाहीतर लाकडाच्या रेषा वरच्या भागात एकीकडे आणि खालच्यात दुसरीकडे धावतात. नळीसाठी भोक सात मिलिमीटरचं. दर सेंटीमीटरला ड्रिलचं बिट बाहेर काढून भुसा झाडायचा. घाई केली की भुसा आत दाटतो, बिट तापतं आणि ठोकळा तडकतो. बिट आरपार नेऊच नये, बाहेर पडताना ते टवका घेऊन पडतं. ठोकळा थोडा लांब ठेवावा आणि बंद टोक करवतीने उडवावं.

नळी पॉलिश पेपरने खरवडायची, अॅरल्डाइट लावून फिरवत फिरवत आत सारायची. फेव्हिक्विक झटपट, म्हणून मोह होतो. पण नळी निम्म्यात धरली गेली की तो तुकडा गेलाच. शिवाय गोंद जिथे पोचत नाही तिथे लाकूड पोकळीवर राहतं, आणि हत्यार नेमकं तिथेच कपचा उडवतं.

मग तुकडे मँड्रेलवर, म्हणजे लेथवरच्या बारीक दांड्यावर, ओवायचे आणि त्याचं नट हलक्या हाताने आवळावं. जास्त पिळलं की दांडा किंचित वाकतो, पेन एका अंगाने जाड आणि दुसऱ्या अंगाने पातळ होतं. बोटांना ते लगेच कळतं, डोळ्यांना उशिरा. फणसाचे तंतू उलटसुलट गुंतलेले असतात, त्यामुळे धार बोथट असेल तर लाकूड कापलं न जाता उपटलं जातं. कातत कातत बुशपर्यंत, म्हणजे तुकड्याच्या टोकाला जाडीच्या मापासाठी बसवलेल्या धातूच्या कड्यापर्यंत, आलं की टोकाशी लाकूड उरतं जेमतेम पाऊण मिलिमीटर. एवढ्यासाठी सगळा खटाटोप, बाकीचा फणस लेथखाली.

आणि उरतो तोही पिवळा राहत नाही. आधी मधासारखा होतो, मग काही वर्षांनी कोकणातल्या जुन्या घरांच्या खांबांसारखा तपकिरी. ते खांबही एके काळी असेच पिवळे होते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आफ्रिकन पडौक नावाचं लाकूड कातताना शेंदरी असतं, शेवटी तेही तपकिरी. पर्पलहार्ट या लाकडाची तऱ्हा उलटी: ताजा काप मळकट, उजेडात राहिला की जांभळा, आणि वर्षांनी पुन्हा तपकिरी. पॉलिशचे आठ हात दिले तरी थोडी दिरंगाई होते, इतकंच. शिसव त्या मानाने शहाणं. मुळातच काळपट, त्यामुळे कुणाला फसवत नाही.

“रंग टिकेल ना?” हा प्रश्न हमखास येतो. टिकणाराच हवा असेल तर प्लास्टिकचं घ्यावं, स्वस्तही पडतं.

खिशात, उजेडापासून दूर ठेवलं तर पिवळा जास्त दिवस राहतो, पण मग दाखवायचा कुणाला? पाच-सहा वर्षं वापरलेलं फणसाचं पेन दुरुस्तीला उघडलं की क्लिपच्या खाली मात्र बोटभर लांबीची एक रेघ सापडते, अजून हळदीसारखी. क्लिप पुन्हा त्याच जागी बसवायची असते. ती नेमकी बसत नाही, केसभर इकडेतिकडे होतेच, आणि रेघ कडेने डोकावत राहते.