आषाढातलं लिनियरायझेशन

तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिरातला एक फोटो मला मनासारखा छापायचा आहे. गेले तीन आठवडे त्यातच गेले. मंडपातला शिर नसलेला नंदी, पूर्वेकडून आत आलेलं सकाळचं ऊन आणि मागे अंधारात कोरीव खांब. गोव्यात बघावं तिकडे चिरा, पण कदंबांच्या काळातलं हे देऊळ काळ्या बेसॉल्टचं आहे. स्क्रीनवर खांबांच्या कडा, वळणं, छिन्नीच्या रेघा सगळं दिसतं. कागदावर मात्र नंदीच्या मागे नुसता काळा पडदा येत होता. त्यावरचा उपाय म्हणजे लिनियरायझेशन: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा कागदावर सारख्या अंतराने उतरतील अशी शाई बसवणं.

साहित्य आधी सांगतो. तीन काळ्या शायांचा प्रिंटर (मॅट ब्लॅक, लाइट ब्लॅक, लाइट लाइट ब्लॅक), ३०८ जीएसएमचा कॉटन मॅट कागद, रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोनरिप (कृष्णधवल छपाईचं सॉफ्टवेअर) आणि मित्राकडून महिनाभरासाठी आणलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर (छटा मोजायचं यंत्र). प्रिंटरचा नेहमीचा ड्रायव्हर करड्या छटांसाठी रंगीत शायाही मिसळतो. मग तोच प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी गुलाबी दिसतो. क्वाडटोनरिपमध्ये छटा काळ्या शायांनीच बांधायच्या आणि ऊबदारपणा कमी करायला लाइट सायन नि लाइट मॅजेंटा नावापुरते घालायचे.

२८ जून. नॉझल चेक (शाईची छिद्रं तुंबलेली नाहीत ना, याची चाचणी) स्वच्छ. कॅलिब्रेशन मोडमध्ये प्रत्येक शाईची ० ते १०० टक्क्यांची पट्टी काढली. मॅट ब्लॅक ८० टक्क्यांच्या पुढे आणखी काळी होईना आणि ९० नंतर तर थोडी फिकट झाली. कागदाचा थर भरला की वरून ओतलेली शाई काळेपणा देत नाही, नुसती पसरते. शाईची मर्यादा त्याच्या बऱ्याच खाली ठेवली. नवीन कागद घेतला की पहिल्यांदा हीच पट्टी काढा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं गणित कच्च्या पायावर उभं राहतं.

१ जुलै. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापली आणि अर्ध्या तासाने मोजली. एल म्हणजे उजळपणा: ० काळा, १०० पांढरा. कागदाचा पांढरा एल ९६.५, सगळ्यात काळा १७. म्हणजे प्रत्येक पायरीला साधारण ४ एककांची उतरण हवी आणि मधली, ५० टक्क्यांची, ५६.७ च्या आसपास यायला हवी. माझी आली ४९. शेवटच्या चार पायऱ्या एकमेकींना चिकटलेल्या. खांब कुठे गेले ते तिथेच कळलं. आकडे कर्व्ह फाइलमध्ये (कुठल्या छटेला किती शाई ते ठरवणारी फाइल) भरून नवी कर्व्ह तयार केली.

२ जुलै. नव्या कर्व्हची पट्टी मोजली तर सावल्यांमध्ये अजून खाचखळगे. कालचीच पट्टी पुन्हा मोजली आणि तीच रात्रीत दीड एककाने सरकलेली. म्हणजे मी ओल्या शाईचे आकडे पक्के मानून त्यावर कर्व्ह बांधली होती. दोन्ही पट्ट्या बाजूला ठेवल्या.

५ जुलै. चार दिवस पाऊस थांबलेला नाही. खोलीतला हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता ८६ टक्के दाखवतोय. पाकिटातून काढलेला कागद सकाळी ताठ होता, दुपारी त्याच्या कडा वर उचललेल्या. आई पापडांचा डबा बंद करत म्हणाली, "अरे, डबा उघडा राहिला की पापड मऊ पडतात. तुझा कागद कसा कडक राहील?" इतके दिवस मी प्रिंटर आणि शाई मोजत होतो. पट्टीत खोलीतली हवासुद्धा मोजली जात होती, आणि ती रोज वेगळी होती.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. डिह्युमिडिफायर लावून खोली ५० ते ५५ वर आणली. त्या हवेत कागद रात्रभर टांगून ठेवला. छापल्यावर पट्टी त्याच खोलीत पूर्ण २४ तास सुकवली आणि मगच मोजली. प्रत्येक चौकोन तीनदा मोजून सरासरी घेतली, कारण कॉटन कागदाच्या पोतामुळे एकेका वाचनावर विसंबता येत नाही. उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. मध्ये एका रात्री पाच तास वीज नव्हती आणि सकाळी खोली ७८ वर. त्या रात्रीची पट्टी न मोजताच टाकली. कागद महाग आहे, जीव हळहळला, पण तिचे आकडे वापरले असते तर पुन्हा १ जुलैवरच पोचलो असतो.

१२ जुलै. कोरड्या पट्टीवरून कर्व्ह नव्याने बांधली. आता मधली पायरी ५६.३. काळा १६.८, म्हणजे घनता (काळेपणाचं माप, आकडा मोठा तितकं काळं) साधारण १.६५. मॅट कागदाकडून मला एवढंच हवं होतं. किंचित चकाकणाऱ्या बरायटा कागदावर घनता २ च्या वर जाते हे खरं, पण बेसॉल्टला ती चकाकी मला परकी वाटते. मुख्य म्हणजे शेवटच्या चार पायऱ्या सुट्या झाल्या. ९५ आणि १०० मधला फरक खिडकीपाशी नुसत्या डोळ्यांना कळतो.

१४ जुलै. नंदी छापला, ए४ वर. मानेच्या तुटलेल्या कडेवर ऊन जिथे संपतं तिथली उतरण सलग आली, कुठेही पायरी नाही. मागचे दोन खांब उभे राहिले. उजव्या खांबावरची आडवी नक्षी दिसते, डाव्याची अजून अंधारात आहे. ती फाइलमध्येच दबलेली आहे, कर्व्हचा त्यात दोष नाही. म्हणून तेवढाच भाग कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइलमधून थोडा उचलायचा आहे, कर्व्हला हात न लावता.

ए३+ चे दोन कागद काल रात्रीपासून खोलीत टांगलेत. हायग्रोमीटर ५३.