मार्चातल्या मंगळवारी भंडारदरा

भंडारदरा धरणाकाठच्या शेंडी गावात एसटीतून उतरणारा मी एकटाच. गेल्या जूनमध्ये, काजव्यांच्या शनिवारी, याच रस्त्यावर आमची गाडी दोन तास जागची हलली नव्हती. आज तिथे एक कुत्रं आडवं पसरलं होतं.

ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशी दारातच म्हणाल्या, "आधी कळवायचं ना! घरात भाजी नाही." मग पिठलं, नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी जेवलो. मुलगा नारायणगावकडे मजुरीला गेलेला, काजवे दिसू लागले की परतणार. खोलीचं भाडं जूनच्या निम्म्याहून कमी, आणि तेही मीच विचारून घेतलं.

इथला सीझन फसवा आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे, मग धबधबे, पण तेव्हाच भाताची आवणी. गिऱ्हाईक दारात आणि घरचे सगळे चिखलात! पावसानंतर रानफुलं, हिवाळ्यात तंबू. पण यातलं जवळपास सगळं शनिवार-रविवारचं. सोमवारी सकाळी गाव पुन्हा रिकामं.

मार्चात धबधब्यांची आशा नको. अंब्रेला फॉल कोरडा होता. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणातून, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणातून, पाणी सोडलं तरच तो पडतो. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मात्र आत्ताच बघावं. पावसाळ्यात छत्र्या आणि सेल्फ्यांमधून नक्षी दिसत नाही. मी पुष्करणीच्या काठी तासभर बसलो, कोणी फिरकलं नाही. साम्रदची सांदण दरीही पाणी ओसरल्यावरच करायची. एके ठिकाणी गुडघाभर पाण्यातून गेलो, बाकी नुसते दगड. पावसात तिथे उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

आडदिवशी जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगा, गावात कोणी भाजी भरून ठेवत नाही. रोख पैसे जवळ हवेत, रेंज येते-जाते. पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्या. रतनवाडी-साम्रदसाठी अख्खी जीप ठरवावी लागते, कारण शेअरिंगला माणसंच नसतात. मला तोच खर्च जड गेला. परतीच्या एसटीची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारा.

आणि काजवेच बघायचे असतील तर सोमवार ते गुरुवार गाठा, वनखात्याचे त्या वर्षीचे नियम विचारून घ्या, झाडाखाली टॉर्च लावू नका. मावशींना मी जूनचा बुधवार सांगून आलोय. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आणि विचारलं, "नक्की ना? भाजी आणून ठेवू?"