तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधनाला पाच हजारांची देणगी

‘देवळाला देतो, शाळेला देतो. संशोधनाला द्यायचं तर कुठे द्यायचं? आणि आमच्या पाच-दहा हजारांनी तिथे होणार काय?’ व्याख्यान संपून चहा सुरू झाला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर माझ्या विषयातूनच देते.

सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारांवर, गेंद नावाची बारीक रोपं उगवतात. पांढऱ्या गुंडीएवढं फूल, खाली गवतासारखी पानं, आणि त्याखाली कातळावर जेमतेम बोटभर माती. दिसायला सगळे गेंद सारखेच. जात नक्की करायची तर फूल उकलून भिंगाखाली बघावं लागतं, बी पिकलेलं मिळालं तर त्याच्या सालीवरची नक्षी तपासावी लागते. हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात. ऑक्टोबरचं ऊन तापलं की सडा वाळून पिवळा पडतो आणि पुढच्या पावसापर्यंत करण्यासारखं काही उरत नाही.

माझी एक विद्यार्थिनी यावरच पीएचडी करत होती. एका मे महिन्यात तिची फेलोशिप थांबली. यूसी म्हणजे खर्चाचा दाखला वर गेला होता, कुठल्याशा टेबलावर सही राहिली. नोव्हेंबरात सहा महिन्यांचे पैसे एकदम जमा झाले, एक रुपयाही कमी नाही. पण त्या वर्षी ती सड्यावर दोनदाच जाऊ शकली. जीपचं भाडं, गावात राहण्याचे पैसे, नमुने दाबायला टीपकागद, सोबतीला वाट दाखवणाऱ्याची मजुरी, असा पूर्ण हंगामाचा खर्च अठरा हजार होता. घरी मागायची सोय नव्हती, माझ्याकडे मागायचा संकोच. मला कळलं तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. अठरा हजारांपायी एका हुशार मुलीचं वर्ष गेलं. ते मला अजून लागून आहे.

जेआरएफची, म्हणजे पीएचडीच्या पहिल्या वर्षांतल्या फेलोशिपची, रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे. रक्कम वाढली याचा मला आनंद आहे, पण ती महिन्याच्या महिन्याला हातात पडली तरच तिचा उपयोग. मोठी यंत्रं, प्रयोगशाळा, फेलोशिपा हे सरकारनंच करायचं काम आहे, त्याला लोकवर्गणी हा पर्याय नाही, हे मी ठामपणे सांगते. तुमचे पाच हजार उपयोगी पडतात ते मधल्या खड्ड्यात.

त्या वर्षानंतर मी आणि माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी जमवला. प्रस्ताव लिहून घेत नाही, अहवाल मागत नाही. गाईडला एक फोन करतो आणि पैसे त्याच आठवड्यात देतो. फेलोशिप आली की बिनव्याजी परत, म्हणजे तेच पैसे पुढच्याला. कल्पना आमची नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी काढला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच, आणि तो आजही चालू आहे.

लोकांच्या पैशातून विज्ञान हेही आपल्याकडे नवं नाही. कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकारांनी वर्गणी गोळा करून १८७६ मध्ये संस्था उभी केली. पुढे रामन अर्थखात्यातली नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तिथे प्रयोग करायचे, आणि १९२८ चा त्यांचा शोध तिथलाच. पुण्यात १९४६ मध्ये अशाच एका संस्थेतून संशोधन सुरू झालं, तिला आज आपण आघारकर संस्था म्हणतो. शंकर पुरुषोत्तम आघारकर स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणून मला त्यांचा जास्तच आपलेपणा वाटतो.

इंटरनेटवरून वर्गणी मागण्याबद्दलही विचारतात. वाघ, पक्षी, आजार यांच्यासाठी ती जमते. गेंदासाठी जमत नाही, कारण फोटो बघून कुणाचं मन हलत नाही. मला त्यापेक्षा न्यूझीलंडची रीत पटली. तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेनं २०१३ पासून काही अनुदानं चिठ्ठ्या टाकून द्यायला सुरुवात केली. प्रस्ताव किमान कसोटीला उतरला की पुढे नशीब. लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे महिने वाचतात, आणि कुणाला न सुचलेल्या विषयालाही संधी मिळते.

तर तुम्ही काय करायचं? जवळच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात ज्या विभागात पीएचडी चालते तिथे जा. विभागप्रमुखांना विचारा, ‘कुणाची फेलोशिप अडकली आहे का? हंगामाचं काम कुणाचं आहे?’ पैसे विद्यार्थ्याच्या हातात पडतील असं बघा आणि त्यावर नावाची पाटी मागू नका. आमच्या त्या मुलीनं पुढच्या वर्षी निधीतून पैसे घेतले, जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर आठवड्याला सड्यावर गेली, आणि दिवाळीच्या आत परत केले. त्या पैशांवर सध्या एक मुलगा कोकणात बेडकांचे आवाज टिपतोय.

विचारायला जाल ते मे महिन्यात जा. जून लागला की पाऊस सुरू होतो.